मूर्ती सरांची हातोडा बॅच

आमच्या धंद्यात डेटा गोळा करायचा तर यंत्रं लागतात, केबली लागतात, परवानग्या लागतात. किस्से गोळा करायला फक्त जीप बंद पडावी लागते! आणि आमची जीप आठवड्यातून दोनदा तरी पडायचीच. त्यामुळे झालंय असं की तीस वर्षांत टेपांना बुरशी आली, फ्लॉपी वाचणारं मशीन शोधूनही मिळत नाही, फायली कुठल्या कपाटात आहेत ते देवाला माहीत. किस्से मात्र जसेच्या तसे. पद्मजाचा फोन आला की पहिली दहा मिनिटं गुडघे आणि शुगर, आणि पुढचा तासभर नुसतं, "अगं, ते आठवतं का?"

मी सुजाता कांबळे. मूळची नांदेडची, वडील पोस्टात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून हैदराबादच्या एका संस्थेत ज्युनियर सायंटिस्ट म्हणून लागले. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तिची थोडी अब्रू जाते. जमिनीच्या पोटात काय आहे ते न खोदता ओळखायचं, हे आमचं काम. बॅचमध्ये तिघं होतो. मी, वरंगळची पद्मजा आणि पुण्याचा शिरीष. शिकवायला मूर्ती सर. काटकुळे, डोक्यावर कापडी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांचं बोलणं म्हणजे इंग्रजी, तेलुगू आणि हिंदीची सरमिसळ. ते मी इथं बहुतेक मराठीतच सांगते. आणि यंत्रं सांभाळायला खाजाभाई. जुन्या शहरातले, पान खाणारे, कुठल्याही यंत्राला कान लावून त्याला काय होतंय ते सांगणारे.

* * *

पहिल्या दिवशी शिरीष टाय लावून आला. मूर्ती सरांनी विचारलं, "स्पेशलायझेशन?"

"सर, मी थिअरीवाला."

"वा!" सर खूश झाले. आत गेले, आठ किलोचा घण घेऊन बाहेर आले आणि त्याच्या हातात ठेवला. "ही घ्या थिअरी."

संस्थेच्या मागं मोकळं मैदान होतं. जमिनीत ओळीनं चोवीस जिओफोन रोवायचे. जिओफोन म्हणजे वाटीएवढा डबा, खाली खिळा. जमीन थरथरली की त्याला कळतं. मग एका टोकाला लोखंडी पाटा ठेवून त्यावर घण मारायचा. धक्का खाली जातो, खडकातून पळत येतो आणि प्रत्येक जिओफोनपाशी किती वेळात पोचला त्यावरून खडक किती खोल आहे ते कळतं. अट एकच. घण पडताना कुणी हलायचं नाही. पाऊल वाजलं तरी रेकॉर्ड खराब!

आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. शिरीषनं घण उचलला. तेवढ्यात पलीकडून म्हशी आल्या. पंचवीस-तीस असतील. मागं काठी घेतलेला एक म्हातारा.

सर धावले. तेलुगूत विनवणी केली की पाच मिनिटं थांबवा हो यांना. म्हाताऱ्यानं विचारलं, "करताय काय?"

"आम्ही जमिनीचं ऐकतोय."

म्हाताऱ्यानं सरांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, टायकडं जरा जास्त वेळ पाहिलं. म्हणाला, "मग तुम्ही ऐका. या काही ऐकत नाहीत."

आणि सगळा कळप केबलीवरून गेला! त्याच गोंधळात शिरीषचा घण पडला. रेकॉर्डचा कागद बाहेर आला तो नुसता गिजबिजलेला. सरांनी कानावरची पेन्सिल काढली, एका ठिपक्यावर टेकवली. "हा तुझा घण." मग पुढं सरकवली. "आणि ही, शंभर टक्के, म्हैस."

तो कागद त्यांनी लॅबच्या भिंतीवर लावला. पुढच्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी तोच द्यायचे. घण कुठला, म्हैस कुठली, ओळखा! एका हुशार पोरानं तर म्हशीवरूनच खडकाची खोली काढून दाखवली.

* * *

तीन दिवस घण मारून शिरीषची कंबर धरली. जानेवारी होता. जानेवारीत हैदराबादेत राहून नामपल्लीच्या नुमाइशीला, त्या जत्रेसारख्या प्रदर्शनाला, न जाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आम्हीही गेलो. पद्मजानं बांगड्या घेतल्या, मी काश्मिरी शाल नुसती हात लावून ठेवून दिली, शिरीष मधेच कुठंतरी गायब झाला.

पुढच्या आठवड्यात मॅग्नेटिक सर्व्हे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजत चालायचं. खाली लोखंडाचा अंश असलेला खडक असला की आकडा बदलतो. त्यामुळे चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको. किल्ल्या, घड्याळ, पेन, सगळं काढून ठेवायचं. पद्मजानं केसातले आकडे काढून डब्यात टाकले. मी ओढणीची सेफ्टी पिन काढून दोन टाके घातले. शिरीष तर पट्ट्याच्या बकलची कटकट नको म्हणून नाडीचा लेंगा घालून आला!

चार दिवस आळीपाळीनं चाललो. पाचव्या दिवशी नकाशा काढला आणि सरांची पेन्सिल थांबली. काही ओळींवर आकडे असे चढलेले, की बस. शिरीषनं त्याच दुपारी पेपरचं शीर्षक लिहून ठेवलं. संध्याकाळी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन. "आई, लोखंड सापडलंय बहुतेक. नाही, अजून कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी खाजाभाई नकाशासमोर उभे राहिले. पान एका गालातून दुसऱ्या गालात.

"ये लाइन कौन चला?"

"शिरीष."

"और ये?"

"शिरीष."

"ये जिधर कुछ नै निकला?"

"पद्मजा."

"हौ." खाजाभाईंनी यंत्र चालू केलं. शिरीषला हाक मारली. तो जवळ आला तसा आकडा चढला. मागं गेला, उतरला. खाजाभाईंनी त्याचा शर्ट वर केला. कंबरेला रुंद पट्टा! नुमाइशीत घेतलेला. कंबरदुखीवर रामबाण. आत शिवलेले सोळा चुंबक.

"पण सर, याला लोखंडी बकल नाही!" शिरीष कळवळून म्हणाला. "म्हणून तर घातला!"

सरांनी नकाशाची गुंडाळी केली. "लोखंड सापडलं. खोली, एक शर्ट."

* * *

मी बरकतपुऱ्यात एका मराठी काकूंकडं खोली घेऊन राहायचे. काकूंच्या चार पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. त्यांचं मराठी ऐकून मला पहिले दोन महिने हसू दाबावं लागायचं. "चाय पिऊन जा की. नक्को काय म्हणतीस? परेशान दिसतीस."

यंत्राच्या बॅटऱ्या चार्ज आहेत की नाही हे बघायचं काम माझ्याकडं होतं. एकदा फील्डला निघायच्या आधी खाजाभाईंना विचारलं, "बॅटरी कधी चार्ज केली?"

"परसों किया मॅडम."

परवा! मी वहीत परवाची तारीख घातली, सही ठोकली. शहरापासून सत्तर किलोमीटरवर माळावर केबली पसरल्या, सगळे सज्ज झाले, बटण दाबलं आणि यंत्र मेलं. पुरतं मेलं. मी वही काढून खाजाभाईंपुढं धरली. "तुम्हीच म्हणालात ना, परसों?"

"हौ, परसोंच किया ना! बकरीद के टैम पे."

बकरीद होऊन दोन महिने झाले होते.

मूर्ती सर चिडतील म्हणून मी वाट पाहत होते. ते शांतपणे दगडावर बसले. "चूक तुझी आहे अम्मा. युनिट विचारायला पाहिजे होतं. हैदराबादेत परसों म्हणजे काल नव्हे आणि आज नव्हे, एवढंच. त्याच्या मागं सगळं परसों. डायनोसॉर पण परसों."

संध्याकाळी रडकुंडीला येऊन काकूंना सगळं सांगितलं. त्यांना माझं काय चुकलं तेच कळेना. "मग बरोबर तर बोलला की तो! अगं, माझं लग्न पण परसोंच झालं."

काकूंना तेव्हा तीन नातवंडं होती.

* * *

ग्रॅव्हिमीटर हे यंत्र फार नाजूक. गुरुत्वाकर्षणातला कणभर फरक मोजतं, त्यामुळे कणभर धक्काही सोसत नाही. जीपमध्ये त्याला मांडीवर घ्यायचं. रेल्वेत तर प्रश्नच होता. सामानात टाकता येत नाही, बाकाखाली ठेवता येत नाही. सरांनी उपाय काढला. त्याचं तिकीट काढलं! रिझर्व्हेशनच्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, नाव जी. मीटर, पुरुष, वय बारा. यंत्र घेऊन बारा वर्षं झाली होती, म्हणून.

सकाळची गाडी नामपल्लीहून सुटली. खिडकीपाशी पेटी, पेटीवर खाजाभाईंचा धुतलेला पांढरा रुमाल, शेजारी खाजाभाई. टीसी आला. यादीवर बोट ठेवत मोठ्यानं म्हणाला, "जी. मीटर? जी. मीटर कौन है?"

खाजाभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हल्लू बोलो साब. उनो आराम कर रैं."

टीसीनं रुमालाकडं पाहिलं, खाजाभाईंकडं पाहिलं आणि खूण करून पुढं गेला. परतीच्या प्रवासात तोच टीसी होता. लांबूनच हळू आवाजात विचारलं, "तबीयत कैसी है उनकी?"

* * *

आता एक जरा वेगळा. हा सांगताना आम्ही तिघंही हसतो, पण दोघं थोडं ओशाळून.

डेटा गोळा करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं कॉम्प्युटरवर. रेकॉर्डमधला फालतू गोंगाट गाळायचा, कामाच्या लाटा उठून दिसतील असं करायचं, मग जमिनीचा उभा छेद काढायचा. आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये चपला बाहेर काढून जायचं. मे महिन्यात अख्ख्या हैदराबादेत थंडी वाजायची ती एकच जागा. लोक स्वेटर घेऊन यायचे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा नंबर लागायचा आणि कागदावर काळं-पांढरं काहीतरी निघायचं. मग देशाचं धोरण बदललं, परदेशी मशीनं येऊ लागली आणि एके दिवशी आमच्याकडं रंगीत पडद्याचं वर्कस्टेशन आलं. आम्ही वेडेच झालो! एक बटण दाबलं की लाल थर, दुसरं दाबलं की निळा. नको ते गाळा, हवं ते उठवा. तासाभरात जमीन अशी दिसायची, की कॅलेंडरवर छापावी.

सर आठवडाभर मागं उभे राहून बघत होते. सोमवारी तिघांना एकेक टेप दिली. "नवीन भागाचा डेटा आहे. तिघांना तोच. एकमेकांशी बोलायचं नाही. शुक्रवारी रिपोर्ट."

मी जीव तोडून काम केलं. चार थर काढले, त्यातला तिसरा पाणी धरणारा. शिरीषनं तर मधोमध खडकाला गेलेली तड शोधली, तिला लाल रंग दिला. पद्मजा मात्र रोज जास्तच उतरल्या चेहऱ्यानं बाहेर यायची. गुरुवारी जेवणाचा डबा तसाच परत नेला.

शुक्रवारी मी माझे चार थर मांडले. शिरीषनं तड दाखवली. सर ऐकत होते, मधूनमधून "अच्छा" म्हणत होते. पद्मजाचा नंबर आला. तिच्या हातात एकच कागद.

"सर, मला काही सापडलं नाही. सगळं करून पाहिलं. मला यात सिग्नलच दिसत नाही." आणि तिला रडू फुटलं. तिला वाटलं, गेली नोकरी.

सरांनी तिला पाणी दिलं. मग म्हणाले, "ही टेप खाजाभाईनं भरली. जिओफोन आपल्या स्टोअररूमच्या टेबलावर ठेवले होते. घण मारला नाही. कुणी जमिनीला हात लावला नाही."



सर शिरीषकडं वळले. "तुझी ती तड. स्टोअरच्या टेबलाला आहे खरी, मी पाहून आलो. तिला लाल रंग मात्र नाही."

मग मला म्हणाले, "आणि अम्मा, तुझं पाणी, ते खाजाभाईच्या चहाचं असेल."

पद्मजाचा तो एका ओळीचा रिपोर्ट सरांनी स्वतःच्या फायलीत ठेवला. पुढं माझ्यावर नव्या पोरांना शिकवायची वेळ आली तेव्हा दर बॅचला मी एक रिकामी टेप दिली. दर बॅचला कुणाला ना कुणाला तीत पाणी सापडलं.

* * *

तोवर शहरात वारं फिरलं होतं. कुकटपल्लीकडं बिल्डिंगीमागून बिल्डिंग उठत होती आणि प्रत्येकीच्या जिन्यात कॉम्प्युटर क्लासची पाटी. शिरीष दर शनिवार-रविवार तिकडं जायला लागला. आम्हाला माहीत होतं. सरांना सांगायचं कुणी? शेवटी त्यानंच धीर केला. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळालीय, तिथून अमेरिकेला पाठवणार आहेत.

सर रागावले नाहीत. खरं तर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "तिकडं काय मोजायचं असतं?"

"सर, मोजायचं काही नसतं. दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायचे."

"अच्छा," सर म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून, बघून, परत ठेवली. पंधरा दिवस लॅबमध्ये त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. मग खाजाभाईंनी ती उचलून स्टोअरमध्ये नेली.

दीडेक वर्षानं एका सकाळी लॅबमधला फोन वाजला. सरांनी उचलला. पलीकडून शिरीष एवढ्या मोठ्यानं बोलत होता, की आम्हाला टेबलापाशी ऐकू येत होतं.

"सर, भूकंप! आत्ता झाला इथं! मोठं हललं सर, कपाट पडलं!"

सर ताठ झाले. भूकंपाचे दोन धक्के येतात. पहिला हलका आणि वेगवान, दुसरा मागून जोराचा. दोघांमधला वेळ मोजला की भूकंप किती लांब झाला ते कळतं. हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो होतो.

"दोन्हींत अंतर किती?"

"अकरा सेकंद सर! टेबलाखाली बसून मोजले!"

"अकरा. म्हणजे नव्वद किलोमीटर तरी. घड्याळावर मोजले की मनात?"

"मनात सर."

"मग प्लस-मायनस दोन लिही. व्हेरी गुड." आणि सरांनी फोन ठेवला. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. आम्हाला म्हणाले, "पाहिलंत? बिलं लिहितो, पण आधी मोजलं. पळाला नाही, आधी मोजलं!"

खाजाभाई दारात उभे होते. "साब, वो सब ठीक. बच्चा बच गया क्या?"

सरांचा हात चष्म्यावर तसाच राहिला. "अरे! ते विचारायचं राहिलंच!"

मग सगळी संस्था त्याचा अमेरिकेचा नंबर शोधायला लागली.

* * *

आणि हा शेवटचा. पद्मजा म्हणते, हा सगळ्यात शेवटीच सांगत जा, याच्यानंतर दुसरा सांगता येत नाही.

शिरीष गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचा ट्रेनिंग कॅम्प देगलूरच्या अलीकडच्या एका गावात लागला. सीमेवरचं गाव, मराठी बोलणारं. काम पाणी शोधायचं. जमिनीत चार सळया रोवून वीज सोडायची. कोरडा खडक वीज अडवतो, ओला जाऊ देतो. सळयांमधलं अंतर वाढवत गेलं की खोल खोल कळत जातं आणि कागदावर एक वक्र रेघ उमटते, कर्व्ह. कॅम्पच्या शेवटी एका जागी खरोखरची बोअर पाडायची होती. मंजुरी दोनशे फुटांपर्यंत. सर म्हणाले, "या वेळी जागा सुजाता सांगेल. सही तिची."

आम्ही शाळेत उतरलो होतो. सरपंच रोज सकाळी दूध पाठवायचे. भले गृहस्थ होते, आवाज चढवून बोलत नसत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, माझ्या मळ्याच्या कडेला घ्या पॉइंट. गावालाच देणार पाणी. मी काय एकटा पिणार आहे का?"

गावाच्या दुसऱ्या टोकाला ओढ्यापलीकडं वस्ती. पाणी तिथून दीड किलोमीटरवर. आम्ही तिथं केबल पसरली तेव्हा साठीच्या एक बाई येऊन उन्हात बसल्या. गिरजाबाई. काही वेळानं म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

"कांबळे. नांदेडची. जयभीम, मावशी."

त्यांनी पदर सारखा केला. "जयभीम, बाई." आणि सावलीला उठून गेल्या नाहीत. दिवसभर तिथंच.

कर्व्ह वस्तीवरचा चांगला आला. मळ्याकडचाही वाईट नव्हता, पण वस्तीवरचा जास्त चांगला. माझी झोप तिथंच उडाली. मला पाणी वस्तीवरच हवं होतं. म्हणून तर मला ते तिथं दिसत नाही ना? टेबलावर ठेवलेल्या जिओफोनांतून मी एकदा चार थर काढले होते! दुसऱ्या दिवशी आडवी केबल टाकून परत मोजलं. तिसऱ्या दिवशी पद्मजाला सांगितलं, माझे आकडे बघू नकोस, तू स्वतः मोज. तिचा कर्व्ह माझ्यावर ठेवला. एकावर एक बसला. मी सही केली. पाणी दीडशे ते दोनशे फुटांच्या मधे.

त्या दिवसापासून दूध आलं नाही.

बोअरची गाडी आली. सगळं गाव जमलं, सरपंचही आले, खुर्ची टाकून बसले. शंभर फूट. पांढरी धूळ. दीडशे. धूळ. माझ्या हातात कर्व्हचा कागद, तो घामानं ओला. पद्मजा माझा हात धरून उभी. एकशे ऐंशी. धूळ. दोनशे.

मशीन थांबलं. ऑपरेटरनं मान हलवली आणि पाइप वर घ्यायला सांगितलं. माणसं कपडे झटकत उठायला लागली. सरपंचांनी खुर्ची उचलायला लावली. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहत होते. कर्व्हचं टोक अजून खाली उतरत होतं. दोनशेपाशी संपत नव्हतं ते. पण ते सांगू कुठल्या तोंडानं? सही माझी होती आणि दोनशेचा आकडाही माझाच.

तेवढ्यात गिरजाबाई उठल्या. सरळ गाडीपाशी गेल्या आणि पाइपाला हात लावून उभ्या राहिल्या.

"वर घेऊ नगा. हाय पाणी."

ऑपरेटर तमिळ. त्याला शब्द कळले नाहीत, पण हात कळला. कुणीतरी मागून हसलं. मूर्ती सर पुढं झाले. "मंजुरीचं मी बघतो. अजून दोन पाइप टाक."

पहिला पाइप गेला. धूळ. दुसरा निम्मा गेला, तशी धूळ पडायची थांबली. मग राखाडी चिखल. मग गाडी हादरली आणि पाणी असं उसळलं, की ऑपरेटरसकट सगळे भिजले. वस्तीतली पोरंबाळं, बाया, हंडे घेऊन नाही, नुसत्याच धावत आल्या. खाजाभाई टोपी काढून त्यात पाणी धरत होते. मी रडत होते आणि पद्मजा माझ्यापेक्षा मोठ्यानं रडत होती.

सगळं शांत झाल्यावर सर गिरजाबाईंपाशी गेले. त्यांना मराठी बोलता यायचं नाही, म्हणून मला म्हणाले, "यांना विचार. दोनशे फुटांखाली पाणी आहे, हे यांना कसं कळलं?"

मी विचारलं. गिरजाबाई ओल्या पदरानं तोंड पुसत होत्या.

"मला काय कळतंय, बाई, दगडातलं? मी तुझ्याकडं बगत व्हते. समदे उठले, पर तू त्या कागदाची घडी घातली न्हाईस."